महाग पेट्रोल आणि इंजिनाची गरज

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर ही छत्तीसगडमधील शहरे एका दोरीत ओवतो. भिलाईत या रस्त्याला जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, असे जुने नाव आहे. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कामगारांच्या त्या नव्या नगरीत सायकल हेच घराघरांतील वाहन होते. देशाच्या सर्व भागांतून लोक येथे पोटापाण्यासाठी आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. आज त्याच रस्त्यावर स्कूटर, मोटारसायकली, मालमोटारी आणि त्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या जर्मन बनावटीच्या आलिशान मोटारी एकाच पेट्रोल पंपावर रांगेत उभ्या राहतात. पंपावरचा मुलगा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, ‘साधे टाकू की प्रीमियम?’

प्रश्न दोन शब्दांचा असला, तरी उत्तर सोपे नाही. उत्तर देणारी व्यक्तीही पुष्कळदा गाडीची मालक नसते. आलिशान मोटारीत इंधन भरण्याचे काम बहुधा चालकाकडे असते. महाग पेट्रोल भरले तर मालक हिशेब विचारतो, साधे भरले आणि पुढे इंजिनात बिघाड झाला तर दोष चालकाच्याच माथी येतो. म्हणून प्रीमियम पेट्रोल म्हणजे नेमके काय, ते कोणत्या गाडीला लागते आणि कोणत्या गाडीत ते भरणे म्हणजे केवळ पैसे जाळणे आहे, हे समजून घेणे चालकाला, गॅरेजमधील कारागिराला आणि स्वतःच्या कमाईतून स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे.

त्यासाठी आधी इंजिनात काय घडते ते पाहिले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. पिस्टन वर सरकताना ते मिश्रण दाबतो. दाब पुरेसा झाला, की स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू पिस्टनला खाली ढकलतात. त्या ढकलण्यातूनच चाके फिरतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मिश्रणाचा एकदम स्फोट होतो असे पुष्कळांना वाटते. परंतु चांगल्या इंजिनात स्फोट होत नाही, तर ज्वलन होते. गवताच्या गंजीला एका टोकाला काडी लावली, की आग त्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. सिलिंडरमध्येही ज्योत ठिणगीपासून निघून कडेपर्यंत पसरत जाते. हे सारे एका सेकंदाच्या काही सहस्रांश भागात घडते, तरीही ते पसरणेच असते.

कधी कधी मात्र ज्योत कडेला पोहोचण्याच्या आधीच तेथले मिश्रण आपोआप पेट घेते. ज्योत पुढे सरकत असताना न जळलेल्या मिश्रणावर दाब आणि उष्णता वाढत जाते. ती सहनशक्तीच्या पलीकडे गेली, की ते मिश्रण ठिणगीची किंवा ज्योतीची वाट न पाहता एकदम भडकते. त्यातून दाबाच्या लाटा उसळतात आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात. चढावर गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, की जुन्या गाड्यांतून हा आवाज हमखास ऐकू येई. क्वचित येणारा हलका आवाज फारसे नुकसान करीत नाही. पण जोराचे नॉकिंग सतत होत राहिले, तर पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात, रिंगांच्या मधला भाग तुटतो, कधी पिस्टन वितळून त्याला भोकही पडते. आलिशान मोटारीचे इंजिन उघडण्याचा खर्च सामान्य माणसाच्या वर्षभराच्या पगारापेक्षाही अधिक होऊ शकतो.

पेट्रोलचा हा आपोआप पेटण्याला विरोध करण्याचा गुण ज्या अंकाने मोजतात, त्याला ऑक्टेन अंक म्हणतात. इथिल कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील शास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास ही मोजपट्टी सुचवली. त्यांनी दोन शुद्ध द्रव निवडले. हेप्टेन हा द्रव अतिशय लवकर आपोआप पेटतो. त्याला शून्य अंक दिला. आयसो-ऑक्टेन हा द्रव सहजासहजी दाद देत नाही. त्याला १०० अंक दिले. एखादे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१. पेट्रोलमध्ये खरोखर तेवढे आयसो-ऑक्टेन असते असा याचा अर्थ नाही. हा अंक म्हणजे केवळ वागणुकीची तुलना आहे. चाचणीच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. भारतात आणि युरोपात पंपावर जो अंक सांगतात, तो ‘रिसर्च’ पद्धतीचा असतो. अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील ८७ चे पेट्रोल हे भारतातील ९१ ते ९२ च्या जवळपास असते. अमेरिकेतील नातेवाइकाने पाठवलेला आकडा येथील पंपावरच्या आकड्याशी ताडून पाहणारे यामुळेच फसतात.

ऑक्टेन अंकाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की अंक जितका अधिक तितकी पेट्रोलमध्ये शक्ती अधिक. वस्तुस्थिती तशी नाही. एक लिटर ९१ चे पेट्रोल आणि एक लिटर ९५ चे पेट्रोल जाळले, तर मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल अधिक जोमाने जळत नाही. ते फक्त अवेळी जळत नाही. शक्ती वाढते ती इंजिनाच्या रचनेमुळे, आणि त्या रचनेला हे संयमी इंधन लागते.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर गेल्यावर किती पटीने कमी होते, याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर जितके अधिक, तितके त्याच इंधनातून अधिक काम निघते. आदर्श इंजिनाच्या गणितानुसार गुणोत्तर ८ असेल तर उष्णतेपैकी सुमारे ५६ टक्के, १० असेल तर ६० टक्के आणि १२ असेल तर ६३ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर होते. प्रत्यक्षात घर्षण आणि उष्णतेची गळती यांमुळे हे प्रमाण बरेच कमी भरते, पण चढता क्रम तोच राहतो. म्हणून इंजिन बनवणाऱ्यांना गुणोत्तर वाढवण्याचा मोह होतो. पण मिश्रण जितके दाबावे तितके ते तापते, आणि नॉकिंगचे संकट जवळ येते. आलिशान मोटारींच्या इंजिनांत याच्या जोडीला टर्बोचार्जर असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे बळ काढण्याची ही युक्ती आहे, आणि तिची किंमत म्हणजे अधिक ऑक्टेनची गरज.

इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेल्या विमानयुद्धापूर्वी ब्रिटिश लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले. विमानांची इंजिने तीच होती. पण नव्या इंधनामुळे त्यांत कोंबलेल्या हवेचा दाब वाढवणे शक्य झाले आणि वैमानिकांना कमी उंचीवर अधिक वेग मिळाला. दाब वाढवलाच नसता, तर त्याच १०० ऑक्टेनच्या पेट्रोलने काहीही साधले नसते.

ऑक्टेन वाढवण्याच्या मार्गांचा इतिहास मात्र इतका अभिमानास्पद नाही. इंग्लंडमधील अभियंते हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर नॉकिंगचा बारकाईने अभ्यास केला. बेंझॉल, टोल्युइन यांसारखी द्रव्ये नॉकिंग रोखतात हे तेव्हा ध्यानात आले होते. ही द्रव्ये कोठून मिळतात, हे भिलाईच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. झोतभट्टीसाठी दगडी कोळशाचा कोक करताना जो वायू निघतो, त्यातून डांबर, अमोनियम सल्फेट आणि बेंझॉल मिळते. भिलाईच्या कोक भट्ट्यांतूनही ही उपउत्पादने काढली जातात. युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोक भट्ट्यांतले बेंझॉल मिसळलेले पेट्रोल पंपावर विकले जात असे. ते त्या काळचे ‘प्रीमियम’च होते. पोलादाच्या धंद्यातून उरलेली वस्तू मोटारीच्या इंजिनाला शांत करीत होती! पुढे बेंझिन हे कर्करोगाला कारण होते हे सिद्ध झाले आणि पेट्रोलमधील त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा आल्या.

त्याहून वाईट कहाणी शिशाची. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राइथिल लेड या द्रव्याचा गुण सापडला. पेट्रोलमध्ये त्याचे किंचित प्रमाण मिसळले तरी नॉकिंग थांबे, आणि ते अतिशय स्वस्त पडे. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार मरण पावले, कित्येकांना वेडाचे झटके आले. तरीही पुढची पन्नास वर्षे जगभर शिसेयुक्त पेट्रोल विकले गेले आणि गाड्यांच्या धुरातून ते शिसे रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात पोहोचले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले.

आता भारतातील आकड्यांकडे वळू या. येथील साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक पूर्वी ८८ होता, नंतर तो ९१ झाला. युरोपात मात्र पंपावरचे नेहमीचे पेट्रोलच ९५ चे असते. जर्मनीत तयार झालेले इंजिन तेथील नेहमीच्या पेट्रोलसाठी, म्हणजे ९५ साठी, आखलेले असते. ते भारतात आले, की येथील ९१ त्याला अपुरे पडे. आलिशान मोटारीला महाग पेट्रोल लागते या समजुतीचे मूळ येथे आहे. ती गाडी महाग आहे म्हणून तिला महाग पेट्रोल लागत नाही. ती ज्या देशात घडली, तेथल्या साध्या पेट्रोलची बरोबरी करण्यासाठी लागते.

‘प्रीमियम’ हा शब्दही फसवा आहे. २००२ च्या सुमारास सरकारी तेल कंपन्यांनी ‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्स्ट्रा प्रीमियम’ अशा नावांनी महाग पेट्रोल बाजारात आणले. त्यांतील अनेक प्रकारांचा ऑक्टेन अंक साध्या पेट्रोलइतकाच होता. त्यांत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये अधिक मिसळलेली असत, एवढाच फरक. नंतर ९५, ९७, ९९ असे अंक नावातच असणारे प्रकार आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने ‘एक्सपी १००’ हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत विक्रीला काढले. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून शक्ती अधिक, किंवा ‘स्पीड’ आहे म्हणून वेग अधिक, असे मानणे म्हणजे साबणाच्या वेष्टनावरील चित्र पाहून रंग उजळेल अशी आशा बाळगण्यासारखे आहे. नावाऐवजी पंपावर लिहिलेला अंक वाचावा, आणि अंक लिहिलेला नसेल तर विचारावा.

अलीकडे या प्रश्नात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, ती म्हणजे इथेनॉल. ऊस, मका, तांदूळ यांपासून तयार होणाऱ्या या द्रवाचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास आहे. २०२२ साली देशभरातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत गेले. २० टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन अंक ९५ पर्यंत पोहोचला आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ज्या एका कारणासाठी ९५ चे महाग पेट्रोल घ्यावे लागत होते, ते कारणच बऱ्याच अंशी दूर झाले. अर्थात इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. त्याच्या एका लिटरमधून पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी मिळते, त्यामुळे गाडी प्रतिलिटर कमी अंतर कापते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकी गाड्यांत ही घट सहा ते सात टक्क्यांपर्यंत होऊ शकते असे म्हटले होते. ही घट टाळण्यासाठी काही जण ९५ चे प्रीमियम पेट्रोल भरतात. पण त्यातही इथेनॉल असतेच, तेव्हा हा उपाय व्यर्थ आहे.

मग आलिशान मोटारीच्या मालकाने काय करावे? याचे उत्तर पंपावर किंवा मित्रांच्या गप्पांत शोधण्याचे कारण नाही. ते गाडीतच लिहिलेले असते. इंधनाच्या टाकीचे झाकण उघडले, की आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. तीवर किमान ऑक्टेन अंक छापलेला असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही तो असतो. फक्त ते वाक्य शब्दशः वाचले पाहिजे. ‘किमान ९५ आवश्यक’ आणि ‘९५ वापरावे अशी शिफारस, किमान ९१ चालेल’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यात तडजोडीला जागा नाही. तेथे कमी ऑक्टेनचे पेट्रोल वापरून इंजिन बिघडले, तर कंपनी हमी नाकारू शकते. दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा, की इंजिन दोन्हींवर सुरक्षित चालेल, पण जाहिरातीत सांगितलेली पूर्ण शक्ती ९५ वरच मिळेल.

दोन्हींवर इंजिन सुरक्षित कसे राहते? आधुनिक इंजिनाच्या ठोकळ्यावर नॉकिंग ओळखणारे एक छोटेसे यंत्र, नॉक सेन्सर, बसवलेले असते. ते इंजिनाची कंपने सतत ऐकत असते. नॉकिंगची चाहूल लागताच संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे दाब कमी चढतो आणि नॉकिंग थांबते. मात्र शक्ती आणि प्रतिलिटर अंतर, म्हणजे बोलीभाषेत ज्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात ते, थोडे घटते. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरले, की संगणक ठिणगी पुन्हा योग्य वेळी आणतो. म्हणूनच अशा गाडीत महाग पेट्रोलाने काही फरक पडतो. परंतु ज्या इंजिनाची ठिणगी साध्या पेट्रोलवरच पूर्वीपासून योग्य वेळी पडत आहे, त्याला महाग पेट्रोल देऊन संगणक आणखी पुढे जात नाही. त्याला देण्यासारखे काही उरलेलेच नसते.

हा फरक किती पडतो, हे अमेरिकेतील वाहनधारकांची संघटना ‘ट्रिपल ए’ हिने मोजून पाहिले. २०१६ साली तिने दाखवले, की साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकेतील लोकांनी एका वर्षात २०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया घालवली होती. २०१७ साली तिने ज्या गाड्यांना प्रीमियमची फक्त शिफारस असते, अशा गाड्या तपासल्या. त्यांत प्रीमियममुळे इंधनाची बचत सरासरी २.७ टक्के आणि शक्तीतील वाढ सरासरी १.४ टक्के आढळली. त्या वेळी तेथे प्रीमियमचा भाव साध्यापेक्षा २० ते २५ टक्के अधिक होता.

भिलाईतील हिशेब असाच मांडता येतो. नेहरूनगरमध्ये राहणाऱ्या एखाद्या उद्योजकाची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १० किलोमीटर देते असे मानू या. सोयीसाठी साध्या पेट्रोलचा भाव १०० रुपये आणि ९५ च्या प्रीमियमचा १०८ रुपये धरू या. साध्या पेट्रोलचे १,२०० लिटर लागतील. खर्च १,२०,००० रुपये. प्रीमियममुळे अमेरिकेतील चाचणीप्रमाणे २.७ टक्के अधिक अंतर मिळाले, तर १,१६८ लिटरच्या थोडे वर पेट्रोल लागेल, आणि त्याचा खर्च सुमारे १,२६,२०० रुपये होईल. म्हणजे वर्षाला सहा हजारांहून थोडे अधिक रुपये जास्त गेले. भाव आठ टक्क्यांनी अधिक आहे, तेव्हा ॲव्हरेजही आठ टक्क्यांनी वाढले तरच खर्च भरून निघतो. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा भाव १६० रुपये धरला, तर तेवढाच प्रवास सुमारे १,८७,००० रुपयांना पडेल. तो भरून निघायला गाडीने लिटरला १६ किलोमीटर दिले पाहिजेत, आणि असा चमत्कार कोणतेही पेट्रोल करीत नाही.

पन्नास लाखांच्या गाडीच्या मालकाला वर्षाचे सहा हजार रुपये जड नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. ज्याच्या गाडीला ९५ ची शिफारस आहे, ज्याला साध्या पेट्रोलच्या अंकाची खात्री वाटत नाही, त्याने हे पैसे खर्च केले तर त्यात मूर्खपणा काही नाही. मे महिन्यात भिलाईचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असेल, तर नॉकिंग लवकर होते. अशा दिवसांत पाच माणसे आणि सामान घेऊन, वातानुकूलन चालू ठेवून वेगाने नागपूर गाठायचे असेल, तर टर्बो इंजिनाला अधिक ऑक्टेनचा उपयोग होतो. उलट, उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने सिलिंडरमधील दाबच कमी राहतो आणि ऑक्टेनची गरज घटते. अमेरिकेच्या पहाडी राज्यांत म्हणूनच नेहमीपेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल विकले जात आले आहे. भिलाई समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंच आहे, तेव्हा तिला ही सवलत नाही.

खरी काळजी वाटते ती त्या गाडीच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरची. आलिशान मोटारीत महाग पेट्रोल भरताना पाहून, आपल्याही वाहनाचे भले होईल या आशेने दुकानातला नोकर किंवा कारखान्यातला ठेकेदारी कामगार दोनशे रुपयांचे प्रीमियम मागतो. त्याच्या वाहनाचे संपीडन गुणोत्तर बहुधा ९ ते १० च्या आसपास असते. साध्या पेट्रोलवर ते निर्धोक चालावे अशीच त्याची रचना केलेली असते. दोनशे रुपयांत त्याला दोन लिटरऐवजी १.८५ लिटर पेट्रोल मिळते, आणि लिटरला ५० किलोमीटर देणारी त्याची गाडी सात किलोमीटर आधी थांबते. आलिशान मोटारीच्या मालकाने गरज नसताना हा खर्च केला तर ती हौस ठरते. या माणसाच्या बाबतीत मात्र तो एका वेळच्या चहा-नाश्त्याचा प्रश्न असतो.

महाग पेट्रोलाचा आणखी एक गुण सांगितला जातो, तो इंजिन स्वच्छ राखण्याचा. हा दावा निराधार नाही. पेट्रोल जळताना इंधन फवारणाऱ्या नळीच्या तोंडाशी आणि झडपांवर काजळीसारखे थर साचतात. काही द्रव्ये हे थर धुऊन काढतात, आणि प्रीमियम प्रकारांत ती अधिक प्रमाणात असतात. परंतु येथे इंजिनाची रचना पाहावी लागते. ज्या इंजिनात पेट्रोल झडपेच्या मागे फवारले जाते, तेथे झडप पेट्रोलने धुतली जाते. अनेक नव्या आलिशान गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. तेथे आत येणाऱ्या हवेच्या झडपेला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. मग त्यात कितीही गुणकारी द्रव्य घातले तरी त्या झडपेवरचा थर तसाच राहतो. फवारणीची नळी तेवढी स्वच्छ राहते. अमेरिकेत १९९७ साली तेथील व्यापार आयोगाने एक्सॉन कंपनीला, तिच्या महाग पेट्रोलमुळे देखभालीचा खर्च कमी होतो हा दावा पुराव्याशिवाय करण्यास मनाई केली आणि बहुतेक गाड्यांना नेहमीचे पेट्रोल पुरेसे आहे असे सांगणाऱ्या जाहिराती देणे तिला भाग पाडले.

भेसळीची भीती हे प्रीमियम घेण्यामागचे एक न बोललेले कारण असते. रॉकेलचा ऑक्टेन अंक अतिशय कमी असल्याने त्याची भेसळ झालेले पेट्रोल नॉकिंगला आमंत्रण देते. पण महाग पेट्रोल घेतल्याने भेसळीपासून आपोआप संरक्षण मिळते असे नाही. त्यासाठी ग्राहकाच्या हाती वेगळी साधने आहेत. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. नोझलच्या तोंडाशी उरलेले पेट्रोल पुसून कोरड्या कागदावर एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोन-तीन मिनिटांत उडून जाते, भेसळीचे असेल तर गडद डाग उरतो. त्या दिवशीची घनता पंपावर लिहून ठेवलेली असते आणि ती मोजून दाखवण्याची मागणी करता येते. माप कमी वाटल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून घेता येते. या मागण्या करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. पंपचालकांना ही साधने ठेवणे बंधनकारक आहे.

आणि ज्याला ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसेल, त्याच्यासाठी एक वही पुरेशी आहे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी काठोकाठ भरून लागलेले लिटर लिहावेत. साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या आणि प्रीमियमच्या तीन टाक्या अशी नोंद करावी. प्रीमियमची पहिली टाकी हिशेबात धरू नये. तळाशी जुने पेट्रोल उरलेले असते आणि संगणकालाही ठिणगीची वेळ नव्याने बसवायला थोडा अवधी लागतो. चाकांतील हवेचा दाब दोन्ही वेळा सारखा ठेवावा, कारण कमी हवेने होणारा तोटा कधी कधी ऑक्टेनने होणाऱ्या फायद्याहून मोठा असतो. पावसाळ्यातील एक टाकी आणि उन्हाळ्यातील दुसरी टाकी यांची तुलना करून काहीच कळत नाही. सहा टाक्यांनंतर वहीतील भागाकार केला, की त्या विशिष्ट गाडीला, त्या विशिष्ट रस्त्यावर महाग पेट्रोलाने किती टक्के फरक पडला ते दिसते, आणि तो आकडा भावातील फरकाच्या शेजारी लिहून ठेवता येतो.